चार इंचांची कड

सकाळी साडेसातला मी गाडीतून उतरलो आणि रस्त्याची कड शोधू लागलो.

रस्त्याची कड काही खिशातल्या किल्लीसारखी हरवत नसते. डांबर संपतं, खाली मुरमाची साईडपट्टी सुरू होते आणि त्या दोहोंच्या मध्ये एक पायरी असते. ही पायरी चार इंचांची होती. शनिवारी संध्याकाळी मी स्वतः पट्टी लावून मोजली होती. आज तिथं डांबराला लगटून तांबडा मुरूम भरलेला होता. पाणी मारून, वरून ट्रॅक्टर फिरवून, अंगणासारखा सपाट केलेला. चांगला दोनशे पावलं लांब.

"लतीफ, आपण जागा चुकलो का रे?"

कंपनीतला माझा मदतनीस लतीफ माझ्यामागून जीप घेऊन आला होता. त्यानं खाली वाकून मुरमावर टाच मारून पाहिली. टाच रुतली नाही.

"जागा तीच आहे, निवृत्तीभाऊ. तो बघा आपला वाकडा खांब. रस्ता कुणीतरी दुरुस्त केलाय."

"कुणी?"

"कंत्राटदारानं तर नक्कीच नाही. काम फार चांगलं झालंय."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. नऊ वाजता हट्टंगडी साहेब येणार होते आणि त्यांना दाखवायची एकमेव गोष्ट रातोरात जमिनीत गेली होती.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चाकणजवळच्या एका मोटार कंपनीत टेस्ट ड्रायव्हर होतो. बाजारात न आलेली गाडी महिनोन्‌महिने चालवायची, ती कुठं कुरकुरते, कुठं दगा देते ते बसल्या जागी ओळखायचं आणि इंजिनिअर लोकांना सांगायचं, हे काम. एकोणीस वर्षं मी ते करत होतो आणि माझ्या कंबरेतला प्रत्येक मणका कुठल्या ना कुठल्या मॉडेलला वाहिलेला होता.

त्या साली जी गाडी हातात होती ती परदेशात जन्मलेली. तिकडच्या लोण्यासारख्या रस्त्यांवर ती म्हणे फार गुणी होती. आपल्याकडं स्पीडब्रेकर आणि खड्डे, म्हणून तिला इथं इंचभर उंच केली. मागं बसणाऱ्याची तक्रार नको, म्हणून स्प्रिंगा आणि शॉकअप मऊ केले. झाली गाडी तयार. पण आपल्या खेड्यापाड्यांतले रस्ते एकपदरी असतात. समोरून गाडी आली की आपण डावीकडची दोन चाकं डांबरावरून खाली साईडपट्टीवर सोडतो, तोही सोडतो, आणि दोघं वेग कमी न करता पुढं जातो. हे आपल्याला कुणी शिकवत नाही आणि परदेशातल्या कुठल्या इंजिनिअरच्या स्वप्नातही येत नाही. खाली उतरताना ही गाडी काही बोलायची नाही. परत वर चढताना मात्र पुढचं चाक त्या कडेला घासत राहायचं आणि मग एकदम वर उडी मारायचं, तोंड सरळ उजवीकडं. ते सावरेपर्यंत मागचं चाक चढायचं, मऊ शॉकअपला स्प्रिंग आवरायची नाही, आणि गाडीचं बूड हवेत उडून बाजूला फेकलं जायचं. साठच्या वेगाला हे असं.

सहा आठवडे मी हेच सांगत होतो. मागचे शॉकअप कडक करा, एवढंच माझं म्हणणं. ऑफिसनं माझ्या फेऱ्यांचे आलेख काढले आणि अहवालात एक ओळ लिहिली : 'स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवले आहे, चालकाची चूक.'

ती ओळ हट्टंगडी साहेबांची. ते आमच्या विभागाचे प्रमुख. माणूस लबाड असता तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो, पण ते होते सज्जन आणि आकड्यांवर त्यांचा जीव. मंगळवारी मीटिंगमध्ये गाडीवर शेवटची सही व्हायची होती. फार मिनतवाऱ्या केल्यावर ते एवढंच म्हणाले, "सोमवारी मी स्वतः येऊन चालवतो, पासलकर. गाडी तशी वागली तर सही करत नाही. नाही वागली तर तुम्ही यार्डात जा." यार्ड म्हणजे तयार गाड्या रांगेतून काढून ट्रेलरवर चढवायच्या. एकोणीस वर्षांनंतर. आणि गाडी आहे तशी लोकांच्या घरी जाणार.

आणि कड गायब.

"दुसरीकडं बघू या," लतीफ म्हणाला.

"कुठं? घाटात? की शाळेपुढं?" मी ओरडलो. माण तालुक्यातल्या खडकमाळच्या बाहेरची ही एवढीच जागा होती, जिथं रस्ता सरळ, नजर लांब, कड चार इंच आणि डावीकडं झाड नाही, विहीर नाही, नुसतं ज्वारीचं रान. गाडी सुटलीच तर रानात जाईल, माणूस जगेल. उजव्या अंगाला विजेचे खांब होते, त्यामुळं उलट्या दिशेनंही काही करता येत नव्हतं.

एवढ्यात त्या ज्वारीतून ठकूबाई बाहेर आली. ते रान तिचं. सहा आठवडे ती बांधावर गोफण घेऊन पाखरं राखत बसायची आणि मी तिच्यासमोरून दिवसाला तीस फेऱ्या मारायचो. दुपारी तिच्याकडचं पाणी प्यायचो. गाडीबद्दल बाहेर बोलायचं नाही असा कंपनीचा नियम, म्हणून या फेऱ्या कशासाठी ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. वय सत्तरीचं असेल, पण चाल माझ्याहून ताठ. आज तिच्या चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद होता.

"काय रं, कसं झालंय?" तिनं हातानं सगळी साईडपट्टी दाखवली.

"मावशी, हे कुणी केलं?"

"आमी. काल. समद्या गावानं. साठ मानूस व्हतं. टँकर सरपंचानं दिला, टॅक्टर आमच्या पुतण्याचा."

पाण्याच्या कामामुळं त्या गावाला श्रमदानाची सवय लागलेली होती. डोंगरावरचे चर खणून झाले होते, रिकामे हात शिवशिवत होते. मला ते सगळं समजत होतं. फक्त माझ्या कडेशी त्याचा काय संबंध ते समजत नव्हतं.

"पण का? आणि नेमकं इथंच का?"

"का म्हंजी? तू पडशील म्हनून!"

लतीफनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलू लागले.

"मी पडेन?"

"सा आठवडं बगतीय न्हवं मी. येष्टी जाती, टेम्पो जात्यात, दुधाच्या गाड्या जात्यात. कुनाला काय हुईत न्हाई. तूच तेवढा रोज हितं आला की डुलतोस. पैल्यांदा वाटलं, नवीन हाय, शिकंल. पन तू काय शिकंना."

"मी नवीन?"

"मग गाडी अशी पट्ट्यापट्ट्याची रंगवली कशापायी? लोकांनी लांब ऱ्हावं म्हनूनच न्हवं?"

गाडीवर काळ्यापांढऱ्या नक्षीचे स्टिकर होते. नवीन मॉडेलचा आकार फोटोत कळू नये म्हणून सगळ्याच कंपन्या लावतात. आता हे तिला सांगायचं तर कुठून सुरू करू?

"शनिवारी तू म्हनलास," ती पुढं बोलतच होती, "सोमवारी मोटं सायेब येनार, माजं खरं का खोटं ते बगनार. तोंड एवढंसं झालं व्हतं तुजं. मी रातच्याला पारावर सांगितलं, म्हनलं, त्या पोराची नोकरी जानार. ड्रायवर कच्चा हाय, पन मानूस गुनाचा हाय. सायबाम्होरं डुलला न्हाई पायजे. गाव लगीच हू म्हनलं."

मी बावन्न वर्षांचा होतो. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं चार देशांत गाड्या चालवत होती. आणि एक अख्खं गाव रविवार मोडून मुरूम वाहत होतं, कारण मला गाडी येत नाही.

"मावशी, डुलते ती गाडी. मी नाही डुलत," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो. "एसटी, टेम्पो इथून तीसनं जातात. मोटारवाले साठनं जातात, म्हणून मीही मुद्दाम साठनं जातो. गाडीत खोट आहे, ती दाखवायलाच मी रोज येतो. साहेबांना ती खोट आज दाखवायची होती, आणि त्याला ती कड पाहिजे होती."

तिनं मान हलवली. पटल्याची नव्हे, कीव आल्याची.

"आमचं मालक टेम्पो चालवायचं. तीनदा वड्यात घातला. तिनी येळंला टेम्पोचंच चुकलं व्हतं."

"इथं खरंच गाडीचं चुकतंय!"

"व्हय बाबा. आसंल."

घड्याळात पावणेआठ. मी जीपमधून फावडं काढलं. चाक रुतलं तर लागतं म्हणून आम्ही ते ठेवत असू. "लतीफ, तीस पावलं उकरायची. पुरेल. तू घमेलं शोध."

"उकरनार?" ठकूबाईचा आवाज बदलला. "कालच्याला भरल्याली साईड उकरनार?"

"हो."

"डोकं फिरलंय का तुजं?"

मी फावडं मारलं. ठण्ण करून आवाज आला आणि हाताला झिणझिण्या आल्या. असलं ठोकलेलं काम मी सरकारी रस्त्यावर उभ्या जन्मात पाहिलं नाही. दुसरं फावडं उचललं, तोवर ठकूबाई सरळ त्या मुरमावर मांडी घालून बसली.

"उकर. माज्यासकट उकर."

"मावशी, उठा."

"आट वर्सं अर्ज दिलं. कुनी कुत्रं आलं न्हाई. शेवटाला आमी हातानं केलं. आन एका दिसात तू उकरतोस? बाया डोक्यावर पाट्या घिऊन आल्या व्हत्या रं. शाळंची पोरं आल्ती."

"संध्याकाळपर्यंत परत भरून देतो."

"देशील. तुमी लोक लई दिता."

"अहो, पण तुम्हाला सांगितलं कुणी होतं?" माझा आवाज रस्ताभर गेला. "कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला? सहा आठवड्यांची माती केलीत तुम्ही एका दिवसात! मला विचारायचं तरी होतं!"

 बसल्या जागी तिनं मुरमावरचा एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"कुनी न्हाई सांगितलं," ती म्हणाली.

मला माझीच लाज वाटली. आयुष्यात माझ्यासाठी कुणी घमेलंभर माती उचलली नव्हती आणि ज्यांनी उचलली त्यांच्यावर मी तोंड सोडलं होतं. राग मात्र जात नव्हता, तोच आता माझ्यावर उलटला. मी फावडं टाकलं आणि तिच्यासमोर खाली बसलो.

"चुकलो, मावशी. असं बोलायला नको होतं. ऐका. साहेबांनी कागदावर लिहिलंय, चूक ड्रायव्हरची आहे. आज इथं गाडी डुलली नाही, तर तो कागद खरा ठरतो. मी यार्डात जातो, ते एक असू दे. पण ही गाडी उद्या लोक विकत घेतील. या रस्त्यावरनं येतील. समोर एसटी आली की खाली उतरतील आणि वर चढताना जातील खांबावर. त्यांच्याही पंचनाम्यात तेच लिहितील, चूक ड्रायव्हरची."

ती बोटांवर हिशेब मांडू लागली.

"म्हंजी खड्डा आसला तर तुजी नोकरी ऱ्हाती. आन बुजवला तर जाती."

"हो."

"आसली कसली नोकरी रं तुजी?"

मी परत फावडं उचललं.

ती उठली, लुगडं झटकलं आणि रानात निघून गेली. गाव गोळा करायला गेली असणार असं वाटून मी झपाट्यानं फावडं मारू लागलो. दहा मिनिटांत ती आली ती खांद्यावर टिकाव घेऊन. माझ्या हातातलं फावडं तिनं बाजूला सारलं.

"सर. तुला गाडी तर येत न्हाईच, पन खोरंबी धरता यीना. आदी टिकावानं फोडायचं आस्तं."

"म्हणजे तुम्हाला पटलं, मावशी?"

"काय पटलं न्हाई. तुज्या पोटाचा सवाल हाय म्हनून उकरतीय."

पावणेनऊपर्यंत आम्ही तिघांनी तीस पावलं मोकळी करत आणली. ती फोडायची, मी ओढायचो, लतीफ घमेल्यानं लांब टाकायचा. कामाचा तिचा झपाटा असा की आम्हा दोघांना धाप लागली. शेवटच्या दोन पावलांवर होतो तेवढ्यात पांढरी गाडी येऊन थांबली आणि हट्टंगडी साहेब उतरले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, फावड्याकडं पाहिलं, मुरमाच्या ढिगाकडं पाहिलं.

"पासलकर," ते अगदी हळू म्हणाले, "तुम्ही खड्डा खणताय?"

"नाही साहेब. म्हणजे, हो."

"मला जो दाखवायचा तोच?"

ते ऐकून मी हात टेकले. काल बुजवला तो गावानं, आज फसवणूक करतोय तो मी.

"साहेब, कड इथं होतीच. गावानं काल श्रमदान करून बुजवली. मी फक्त होती तशी करतोय."

"श्रमदान. एका खड्ड्यासाठी."

"पासष्ट फोटो आहेत माझ्याकडं! तारखेसकट! पट्टी लावून मोजलेले!"

"फोटोतली कड आणि ही कड एकच कशावरून?"

इथं ठकूबाई मदतीला आली. "खरं हाय सायेब. लई मोटी कड व्हती. गुडघ्याएवढी."

साहेबांनी फाईल उघडली. "इथं चार इंच लिहिलंय."

मी त्यांच्या पाठीमागून तिला हातवारे करू लागलो. तिनं ते पाहिले, विचार केला आणि म्हणाली, "बरं, मग घोट्याएवढी. ह्यो म्हनतोय तर."

लतीफ जीपमध्ये जाऊन बसला. तो हसतोय हे मला पाठीवरून दिसत होतं. मी खिशातली पट्टी काढली, साहेबांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि दहा जागी मोजायला लावलं. एवढी वर्षं त्यांच्या अंगाला मी कधी हात लावला नव्हता, पण त्या दिवशी मला कशाची पर्वा राहिली नव्हती. कुठं पावणेचार भरले, कुठं चार, एका ठिकाणी सव्वाचार. खाली जुनी, कडक, तेलकट जमीन लागलेली दिसत होती. ती काही एका सकाळीत बनत नाही.

"ठीक आहे," ते उठत म्हणाले. "पण चालवणार मी. तुमचे हात नकोत."

"माझीही तीच इच्छा आहे, साहेब."

पहिल्यांदा ते चाळीसच्या वेगानं गेले. समोरून ठरल्याप्रमाणे लतीफची जीप आली. साहेबांनी डावी चाकं खाली सोडली, जीप गेली, चाकं वर घेतली. गाडीनं एक हिसका दिला, एवढंच.

"हे?" साहेब म्हणाले.

"साठनं चला."

"हिसका आहे. पण यात घाबरण्यासारखं काय आहे?"

"साहेब, चाळीसनं इथं फक्त नवरदेव जातो. साठनं चला."

वळवून आम्ही परत आलो. काटा साठवर. बांधावर ठकूबाई टिकाव धरून उभी होती. समोरून जीप आली. साहेबांनी चाकं खाली सोडली, अगदी पुस्तकात असतं तशी, हलकेच. जीप सटकून गेली. साहेबांनी स्टिअरिंग उजवीकडं वळवलं. पुढचं चाक कडेला घासू लागलं. घर्र, घर्र. वर येईना. माणूस अशा वेळी काय करतो? आणखी थोडं वळवतो. साहेबांनीही वळवलं. चाक वर उडालं आणि गाडीचं तोंड थेट वाकड्या खांबाकडं गेलं. साहेबांनी उलटं ओढलं. नेमकं त्याच क्षणी मागचं चाक चढलं, मागून कुणी लाथ घालावी तसं बूड वर उडालं आणि डावीकडून उजवीकडं फेकलं गेलं. माझ्या काचेत आधी खांब होता, मग आभाळ, मग ज्वारी. कणसं काचेवर फाडफाड आपटली. गाडी रानात वीसेक फूट घुसून थांबली.

इंजिन बंद पडलं होतं. साहेबांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग अजून घट्ट धरून ठेवलं होतं. मीही घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? पण मनातून मी आनंदानं ओरडत होतो. आता कोण म्हणेल चालकाची चूक?

साहेब दार ढकलून उतरले. ताटांना धरून दोन पावलं चालले. मग माझ्याकडं वळले.

"चूक माझी," ते म्हणाले. "मी जास्त ओढलं."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी गडबड झाली.

"काय?"

"कड लागल्यावर मी जरा जास्त फिरवलं. थोडं धीरानं घ्यायला हवं होतं. सवय नाही राहिली."

"साहेब!" मी अक्षरशः ज्वारीत नाचलो. "मरता मरता वाचलो आपण! आणि तुम्ही म्हणताय चूक तुमची? अहो, प्रत्येक माणूस तेवढंच ओढणार! चाक वर येत नाही म्हटल्यावर माणूस ओढणारच! काय करायचं मी आता? गाडीला बोलायला शिकवू?"

"आवाज खाली करा, पासलकर. मी प्रामाणिकपणे सांगतोय."

तेच तर! त्यांचा तो प्रामाणिकपणा मला यार्डात घालणार होता. मी आडव्या झालेल्या ताटांवर मटकन बसलो. माझ्याकडं दाखवायला आता काही उरलं नव्हतं. कड दाखवली होती, गाडी दाखवली होती, मरणसुद्धा दाखवून झालं होतं.

ज्वारी सारत ठकूबाई आली. तिनं एकदा आडव्या पिकाकडं पाहिलं.

"आजी, तुमचं नुकसान..." साहेब म्हणू लागले.

"त्ये मागनं बगू. सायेब, तुमी बी नवीन हाय का?"

"मी तीस वर्षं गाडी चालवतोय."

"आन कवा डुलला व्हता का आसं?"

"नाही. कधीच नाही."

"मग आजच चूक झाली तुमची? ती बी हितंच? ह्यो जितं चुकतो नेमकं तितंच?"

साहेबांनी वळून रस्त्याकडं पाहिलं.

"आमच्याकडं खिलारी हाईत," ती म्हणाली. "एक खोंड व्हता, वड्याच्या उतरनीला आला की गड्याला पाडायचा. पैल्यांदा पाडलं तवा मी गड्यालाच शिव्या दिल्या. म्हनलं तुला कासरा धरता यीना. मग माजा थोरला गेला. त्यालाबी तितंच पाडलं. आता दोन मानसं एकाच जाग्यावं पडत्यात, तवा कासऱ्याचं काय ऱ्हातंय वो? खोड त्या खोंडाची. ह्यो पडला तवर मी ह्यालाच नावं ठिवत हुते. आता तुमीबी पडला."

वाऱ्यानं ज्वारी सळसळत होती. हट्टंगडी साहेब तिच्याकडं पाहत उभे होते, मीटिंगमध्ये कुणी चांगला मुद्दा मांडला की पाहायचे तसे. मग ते गाडीत वाकले, सीटखालच्या, फेरी नोंदवणाऱ्या यंत्राला गाडीतला लॅपटॉप जोडला आणि आत्ताच्या फेरीचा आलेख माझ्या शुक्रवारच्या आलेखावर ठेवून पाहिला. मी उठून मागं जाऊन उभा राहिलो. दोन रेघा. एक लाल, एक निळी. एकीवर दुसरी बसल्यात जमा.

"स्टिअरिंगचा माझा कोन तुमच्यापेक्षा दोन अंशांनी जास्त आहे," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा वाईट चालवता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी मान वर केली नाही. खिशातून पेन काढलं, गाडीच्या टपावर फाईल ठेवली आणि 'चालकाची चूक' या शब्दांवर दोनदा काट मारली.  वर त्यांनी लिहिलं : 'मागील शॉकअप बदलणे. तोपर्यंत सही नाही.'

"गाडी दोन महिने उशिरा येईल," ते म्हणाले. "येऊ दे. पासलकर, शॉकअप किती कडक हवेत ते तुम्हीच ठरवा. मी बोलतो वर."

मी हो म्हणालो असेन. मला फारसं आठवत नाही, कारण माझे डोळे भरून आले होते आणि साहेबांना ते दिसू नयेत एवढीच खटपट मी करत होतो. सहा आठवडे ज्या एका गोष्टीसाठी मी सगळ्यांशी भांडलो, ती एका बाईनं उभ्या उभ्या मिटवून टाकली होती. आणि तिनं आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मी तिच्यासमोर गेलो आणि पाया पडायला वाकलो.

तिनं माझा दंड धरून मला वर ओढलं.

"ऊठ. गाडीत खोड हाय, त्ये मला पटलं," ती हळूच, साहेबांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली. "पन तू बी काय लई भारी चालवत न्हाईस हां. सा आठवडं बगतीय मी."